सिरियलवर जीडीबी जोडताना ‘इग्नोरिंग पॅकेट एरर’ : तार आधी तपासा, कर्नल नंतर

टार्गेट यंत्रावर लिनक्सचा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) केजीडीबी या त्याच्यातल्याच डीबगिंगच्या सोयीने थांबवलेला असतो. होस्ट लॅपटॉपवर जीडीबी हा डीबगर (प्रोग्राममधले दोष शोधायचं साधन) सिरियल केबलवरून जोडायला उघडून ‘टार्गेट रिमोट’ दिलं की पडद्यावर ओळ येते: ‘इग्नोरिंग पॅकेट एरर, कंटिन्यूइंग...’. ती दोन-तीनदा येते आणि मग ‘रिमोट रिप्लाइड अनएक्स्पेक्टेडली टू व्हीमस्टरिप्लायएम्प्टी: टाइमआउट’ म्हणून जीडीबी नाद सोडतो. कोल्हापूरजवळच्या शिरोलीत किंवा गोकुळ शिरगावात औद्योगिक शेडमधल्या पॅनेलशेजारी बसून ड्रायव्हरमधला दोष शोधणाऱ्याला ही ओळ पाठ झालेली असते. एकदा जमलं म्हणून पुढच्या वेळी जमेलच असं नाही, आणि तेवढ्यासाठीच हे सविस्तर लिहिलं आहे.

या ओळीचा अर्थ एवढाच: जीडीबीने पॅकेट पाठवलं आणि त्याला ओळखीचं उत्तर आलं नाही. उत्तर का आलं नाही ते ती सांगत नाही. बहुतेक जण लगेच कर्नलची कॉन्फिग उघडतात, पुन्हा कंपाइल करतात आणि त्यात अर्धा दिवस घालवतात. दोष मात्र बऱ्याचदा केबलमध्ये, वेगात किंवा पोर्ट दुसऱ्याच कुणीतरी धरून ठेवण्यात असतो. म्हणून खालून वर जायचं: तार, अर्थिंग, वेग, पोर्टचा ताबा, कर्नलचा थांबा, आणि सगळ्यात शेवटी सिम्बॉल (फंक्शनांची नावं आणि त्यांचे पत्ते). खालची पायरी पक्की झाल्याशिवाय वरच्या पायरीला हात लावू नका.

इथे टार्गेट म्हणजे ज्याचा कर्नल थांबवायचा ते यंत्र, होस्ट म्हणजे जीडीबी चालतो तो लॅपटॉप. आज्ञा उच्चारानुसार देवनागरीत लिहिल्या आहेत. टंकताना त्या नेहमीप्रमाणे इंग्रजी लिपीत द्यायच्या. बहुतेक लहान अक्षरांत, पण टीटीवाययूएसबी० मधलं यूएसबी, टीटीवायएस० मधला एस, टीटीवायएएमए० मधलं एएमए, ग्रेपनंतरचं केजीडीबी, ‘कॉन्फिग_’ने सुरू होणारी नावं, ब्रेक-जी मधलं ब्रेक आणि रनटाइमवॉचडॉगसेक मधल्या तीन शब्दांची पहिली अक्षरं मोठी.

केबल

आपल्याकडे सिरियल केबल बहुतेकांच्या घरात आणि वर्कशॉपमध्ये सापडते, कारण साखर कारखान्याचे वजनकाटे, दूध संकलनाची यंत्रं आणि उद्यमनगरातल्या जुन्या सीएनसी मशीन आरएस-२३२ या जुन्या सिरियल पद्धतीवरच बोलतात. अडचण तिथूनच सुरू होते. काट्याचा इंडिकेटर फक्त वजन पाठवतो, त्याला काही ऐकायचं नसतं. त्यामुळे काट्याच्या केबलमध्ये पुष्कळदा दोनच तारा जोडलेल्या असतात: पाठवणारी आणि ग्राउंड. अशा केबलवर टार्गेटचा बूट लॉग स्वच्छ दिसतो, त्यावरून केबल चांगली आहे असं वाटतं, आणि जीडीबी मात्र जोडत नाही. त्याला बोलायला तारच नसते. बूट लॉग दिसतो एवढ्यावरून फक्त एक दिशा चालू असल्याचं कळतं.

नऊ पिनच्या कनेक्टरवर लागतं एवढंच: एका टोकाची २ दुसऱ्याच्या ३ ला, ३ दुसऱ्याच्या २ ला, आणि ५ थेट ५ ला. सीएनसीच्या पंचवीस पिनच्या टोकाला हेच काम २, ३ आणि ७ या पिन करतात, त्यात ७ म्हणजे ग्राउंड. बाकीच्या पिनांची केजीडीबीला गरज नाही.

तपासणी अशी करा. केबल होस्टला लावा, टार्गेटचं टोक मोकळं ठेवा आणि त्या टोकाच्या २ व ३ पिनांत कागदाची क्लिप वाकवून अडकवा. मग होस्टवर पिकोकॉम हा सिरियल टर्मिनल प्रोग्राम उघडा:

पिकोकॉम -बी ११५२०० /डेव्ह/टीटीवाययूएसबी०

काही अक्षरं टाइप करा. ती पडद्यावर परत दिसली पाहिजेत. आता क्लिप काढून पुन्हा टाइप करा, अक्षरं दिसायची बंद झाली पाहिजेत. क्लिप काढल्यावरही दिसत असतील तर लोकल इको चालू आहे आणि आधीच्या चाचणीला काही अर्थ नव्हता. मिनिकॉम वापरत असाल तर त्यात हार्डवेअर फ्लो कंट्रोल मुळातच चालू असतो. तीन तारांच्या केबलवर तो बंद केल्याशिवाय टाइप केलेलं बाहेरच पडत नाही.

ही चाचणी दोन गोष्टी पकडत नाही. एक म्हणजे ग्राउंड: ५ नंबरची तार तुटलेली असली तरी क्लिपची चाचणी पास होते, कारण बोलणारा आणि ऐकणारा एकच असतो. ती मल्टिमीटरच्या बीपवर वेगळी तपासा. दुसरी गोष्ट म्हणजे २-३ ची अदलाबदल: सरळ केबल आणि उलटी केबल, दोन्ही क्लिपवर पास होतात. त्यासाठी मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, केबल टार्गेटपासून सोडवा, काळी दांडी ५ वर आणि लाल दांडी आधी २ वर, मग ३ वर लावा. आरएस-२३२ ची पाठवणारी पिन रिकामी असताना ऋण दाब देते, साधारण उणे ५ ते उणे १२ व्होल्ट. हेच टार्गेटच्या कनेक्टरवर करा. दोन्हीकडे एकाच क्रमांकाच्या पिनवर ऋण दाब सापडला, तर दोघंही एकाच तारेवर बोलत आहेत आणि ऐकत कुणीच नाही. मध्ये नल मोडेम अडॅप्टर घाला.

याच मोजमापात आणखी एक गोष्ट उघडी पडते. ऋण दाब न येता अधिक ३.३ व्होल्ट आला, तर ती आरएस-२३२ नसून टीटीएल, म्हणजे चिपची थेट कमी व्होल्टची पातळी आहे. रास्पबेरी पाय आणि बहुतेक छोट्या बोर्डांवर हीच असते. तिला आरएस-२३२ ची केबल थेट लावली तर बोर्डची पिन जळते, आणि ती पुन्हा जिवंत होत नाही. मॅक्स३२३२ सारखी चिप मध्ये हवी, किंवा सीपी२१०२, एफटी२३२ यांवरचं ३.३ व्होल्टचं यूएसबी-टीटीएल अडॅप्टर. ते लावताना अडॅप्टरची ५ व्होल्टची लाल वायर बोर्डला जोडू नका. बोर्डला त्याचा स्वतःचा सप्लाय आहे. टीटीएलच्या जंपर वायरी वीतभर लांबीतच ठेवा.

पीसीच्या मदरबोर्डवर दहा पिनचा हेडर असेल आणि ब्रॅकेटची केबल दुसऱ्या बोर्डातून काढलेली असेल, तर जरा थांबा. या हेडरच्या दोन वेगवेगळ्या मांडण्या प्रचारात आहेत. एकीत हेडरची ५ वी पिन ग्राउंड असते, दुसरीत ९ वी. कॅबिनेटच्या पत्र्याशी बीप घेऊन बघा, दहा सेकंदांत उलगडतं. इंडस्ट्रियल पीसीमध्ये तर कॉम पोर्ट आरएस-२३२ चा की आरएस-४८५ चा हे बायोसमध्ये किंवा जंपरवर ठरतं. मोडबससाठी (यंत्रांच्या आपसातल्या संवादाची एक पद्धत) तो कधीतरी ४८५ वर टाकलेला असतो आणि नंतर कुणाच्या लक्षात राहत नाही.

अर्थिंग आणि भट्टी

हा भाग नीट वाचा, कारण फाउंड्रीच्या गावात यानेच सर्वांत जास्त वेळ खाल्ला जातो. लक्षण ठरलेलं आहे: टेबलावर सगळं चालतं, शेडमध्ये नेलं की पॅकेट एरर. किंवा भट्टी बंद असताना चालतं आणि चालू झाली की तुटतं.

आरएस-२३२ मध्ये प्रत्येक बिट ५ नंबरच्या तारेशी तुलना करून वाचला जातो. लॅपटॉपचा ग्राउंड आणि पॅनेलचा ग्राउंड यांच्यात फरक पडला की तो फरक सगळ्या बिटांत मिसळतो. इंडक्शन फर्नेसचा सप्लाय आणि व्हीएफडी (मोटारचा वेग बदलणारा ड्राइव्ह) हे दोन्ही अर्थच्या वायरीत उच्च वारंवारतेचा प्रवाह सोडतात. त्यात लॅपटॉपचा चार्जर बिनअर्थच्या सॉकेटला असेल, तर चार्जरच्या आतल्या फिल्टर कपॅसिटरमुळे लॅपटॉपची बॉडी अर्थच्या तुलनेत बऱ्याच व्होल्टांवर तरंगत असते. प्रवाह अगदी थोडा असतो, बोटाला नुसती झिणझिणी येते, पण केबल लावण्याच्या क्षणी तो सगळा सिरियल चिपमधून जातो.

म्हणून केबल जोडण्याआधी मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून लॅपटॉपच्या यूएसबी सॉकेटचा पत्रा आणि पॅनेलची अर्थ पट्टी यांच्यामधला दाब मोजा. एक-दोन व्होल्ट असेल तर जोडा. साठ, ऐंशी, शंभर दिसत असतील तर चार्जर काढा आणि पुन्हा मोजा. बॅटरीवर तो दाब जवळजवळ शून्यावर आला की कारण सापडलं. पुढची चाचणीही तिथेच करा: बॅटरीवर जीडीबी जोडतो आणि चार्जर लावला की तुटतो, तर कर्नलकडे बघायची गरजच नाही.

कायमचा उपाय म्हणजे यूएसबी आयसोलेटर, एडीयूएम३१६० किंवा एडीयूएम४१६० चिपवरचा. त्याचा वेग १२ मेगाबिट असतो आणि सिरियल अडॅप्टरला तो भरपूर झाला. लॅपटॉप आणि सिरियल अडॅप्टर यांच्या मध्ये तो लावायचा. शेडमध्ये नेहमी जाणाऱ्याने हा पिशवीत ठेवावाच असं आमचं स्पष्ट मत आहे. एका जळलेल्या कॉम पोर्टपेक्षा तो खूप स्वस्त पडतो.

केबल व्हीएफडीच्या मोटार वायरीच्या बाजूने, एकाच ट्रेमधून नेऊ नका. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा. आणि पावसाळ्यानंतर कनेक्टरच्या पिना डोळ्यांनी बघा. इथल्या चार महिन्यांच्या दमट हवेत उघड्या डीबी-९ ला हिरवट थर धरतो. कॉन्टॅक्ट क्लीनरने तो निघतो.

वेग

११५२०० वर एक बिट ८.६८ मायक्रोसेकंदांचा असतो आणि एका अक्षराला सुरुवातीचा व शेवटचा धरून दहा बिट लागतात. म्हणजे सेकंदाला ११५२० अक्षरं. दोन्ही बाजूंच्या घड्याळांत दोन-तीन टक्क्यांहून जास्त तफावत पडली की दहाव्या बिटापर्यंत हिशेब चुकायला लागतो.

जीडीबीला वेग सांगावा लागतो. सांगितला नाही तर तो पोर्टवर आधीपासून असलेला वेग तसाच वापरतो. पिकोकॉम चालवून बंद केल्यावर कधी जोडतो, कधी नाही, यामागे पुष्कळदा हेच असतं. ‘टार्गेट रिमोट’च्या आधी नेहमी:

सेट सिरियल बॉड ११५२००
सेट रिमोटटाइमआउट १०

रिमोटटाइमआउट मुळात २ सेकंद असतो. ६४ बिटांच्या एक्स८६ वर रजिस्टरांच्या एका पॅकेटातच तीनशेहून जास्त अक्षरं असतात. गोंगाटात एखादं पॅकेट पुन्हा पाठवावं लागलं की कमी वेगावर २ सेकंद अपुरे पडतात.

बिट खराब होतात की नाही हे अंदाजाने ठरवायची गरज नाही. टार्गेटवर ८२५० कुटुंबातला यूएआरटी (सिरियल पोर्ट चालवणारी चिप) असेल तर तो चालू असताना, थांबवण्यापूर्वी, बघा:

कॅट /प्रॉक/टीटीवाय/ड्रायव्हर/सिरियल

पोर्टच्या ओळीत टीएक्स (पाठवलेली अक्षरं) आणि आरएक्स (आलेली अक्षरं) यांचे आकडे असतात. चुका झाल्या असतील तर त्यांच्यापुढे एफई म्हणजे फ्रेमिंग एरर, आणि ओई म्हणजे ओव्हररन, हेही दिसतात. होस्टवरून दोन-चारशे अक्षरं पाठवून आकडे पुन्हा वाचा. आरएक्स वाढला आणि एफई दिसलाच नाही, तर तार आणि वेग दोन्ही ठीक. दोन्ही बरोबरीने वाढले तर वेग जुळत नाही. एफई मधूनच एखाद्याने वाढला तर गोंगाट आहे, मागच्या भागाकडे परत जा. आरएक्स हललाच नाही तर केबलकडे.

रास्पबेरी पाय ३ आणि ४ वर एक खास खोड आहे. हेडरच्या ८ आणि १० नंबरच्या पिनांवर मुळात मिनी-यूएआरटी येतो, आणि त्याचा वेग ग्राफिक्सच्या कोअर क्लॉकवर अवलंबून असतो. क्लॉक बदलला की बॉड रेट घसरतो. कॉन्फिग फाइलमध्ये ‘एनेबल_यूएआरटी=१’ लिहिल्यावर क्लॉक स्थिर राहतो. ब्लूटूथ लागत नसेल तर ‘डीटीओव्हरले=डिसेबल-बीटी’ देऊन पूर्ण क्षमतेचा पीएल०११ यूएआरटी त्याच पिनांवर आणा. डीबगिंगसाठी हाच चांगला. मात्र मग पोर्टचं नाव टीटीवायएस० राहत नाही, टीटीवायएएमए० होतं, आणि बूट ओळीतही (कर्नलला सुरू होताना दिलेल्या सूचनांतही) तेच लिहावं लागतं.

पोर्ट कुणी धरलाय

एफयूजर -व्ही /डेव्ह/टीटीवाययूएसबी०

यात जीडीबीखेरीज काहीही दिसता कामा नये. दुसऱ्या खिडकीत उघडा राहिलेला पिकोकॉम हा सर्वांत नेहमीचा गुन्हेगार. टार्गेटचं उत्तर येतं, पण अर्धी अक्षरं पिकोकॉम उचलतो आणि अर्धी जीडीबी, मग चेकसम, म्हणजे पॅकेटच्या शेवटची पडताळणीची बेरीज, जुळणार कुठून? उबुंटू २२.०४ वर सीएच३४० चं अडॅप्टर लावताच टीटीवाययूएसबी० दिसून लगेच नाहीसं होत असेल, तर ब्रेल डिस्प्लेसाठीचं ब्रेलटीटीवाय नावाचं पॅकेज ते ओढून घेत आहे. होस्टवर ब्रेल डिस्प्ले नसेल तर ते पॅकेज काढून टाका. ‘परमिशन डिनाइड’ आलं तर वापरकर्त्याला डायलआउट गटात घाला आणि लॉगआउट करून परत या.

कर्नल खरंच ऐकतोय का

आता कर्नल. टार्गेटवर आधी कॉन्फिग बघा:

ग्रेप केजीडीबी /बूट/कॉन्फिग-$(यूनेम -आर)

कॉन्फिग_केजीडीबी आणि कॉन्फिग_केजीडीबी_सिरियल_कन्सोल या दोन्हींपुढे ‘वाय’ हवं. दुसऱ्यापुढे ‘एम’ असेल, म्हणजे ते मॉड्यूल असेल, तर ‘केजीडीबीवेट’ चालणार नाही. बूट ओळ अशी:

कन्सोल=टीटीवायएस०,११५२०० केजीडीबीओसी=टीटीवायएस०,११५२०० केजीडीबीवेट नोकेएएसएलआर

केजीडीबीओसी केजीडीबीने कोणता पोर्ट वापरायचा ते सांगतं, केजीडीबीवेट कर्नलला बूट होतानाच थांबवून जीडीबीची वाट बघायला लावतं, आणि नोकेएएसएलआर कर्नल दर वेळी वेगळ्या पत्त्यावर बसणं बंद करतं. केजीडीबीवेट नेहमी केजीडीबीओसीच्या नंतर यायला हवं. उलट क्रम लावला तर कर्नल ज्या पोर्टवर थांबायचं, तो पोर्टच त्या वेळी तयार नसतो. बूट झाल्यावर डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या संदेशांत, ‘रजिस्टर्ड आय/ओ ड्रायव्हर केजीडीबीओसी’ ही ओळ शोधा. ती नसेल तर पुढचं सगळं व्यर्थ. टार्गेटच्या बाजूला यूएसबी-सिरियल अडॅप्टर लावून काम होईल अशी आशा धरू नका. केजीडीबीला इंटरप्ट बंद असतानाही एकेक अक्षर वाचता-लिहिता येईल असा पोर्ट लागतो, आणि थांबलेल्या कर्नलात यूएसबी चालत नाही. होस्टला अडॅप्टर चालतो, टार्गेटला खरा यूएआरटी हवा. टार्गेटवर सिक्युअर बूट चालू असेल तर चाचणीपुरता तो बंद करा. लॉकडाउनमधला कर्नल डीबगरला मेमरीला हात लावू देत नाही.

यानंतरची चाचणी सर्वांत उपयोगी आहे. जीडीबी पूर्ण बंद ठेवा, होस्टवर पिकोकॉम उघडा आणि टार्गेटवर रूट म्हणून, एसएसएचवरून किंवा कीबोर्डवरून:

इको जी > /प्रॉक/सिसआरक्यू-ट्रिगर

कन्सोलवर ‘एंटरिंग केजीडीबी’ येतं आणि टार्गेट गोठतो. याऐवजी ‘हेल्प’ने सुरू होणारी अक्षरांची यादी आली, तर कर्नलात केजीडीबी नाहीच. कॉन्फिगमध्ये केडीबीही (कन्सोलवरच चालणारा कर्नलचा डीबगर) घेतलेलं असेल आणि ‘केडीबी>’ असा प्रॉम्प्ट आला, तर तिथे ‘केजीडीबी’ टाइप करून एंटर द्या.

आता हाताने पॅकेट पाठवायचं. पिकोकॉममध्ये सावकाश, एकेक अक्षर टाइप करा: डॉलर, प्रश्नचिन्ह, हॅश, तीन, लहान एफ. टाइप केलेलं पडद्यावर दिसणार नाही, कारण केजीडीबी इको करत नाही. शेवटच्या अक्षराबरोबर उत्तर यायला हवं:

+$एस०५#बी८

डॉलर म्हणजे पॅकेटची सुरुवात, हॅश म्हणजे शेवट, आणि पुढची दोन अक्षरं म्हणजे मजकुरातल्या अक्षरांच्या क्रमांकांची षोडशमान बेरीज. प्रश्नचिन्हाचा क्रमांक ३एफ, म्हणून आपण ३एफ लिहिलं. उत्तरात एसचा ५३, शून्याचा ३० आणि पाचाचा ३५, त्यांची षोडशमान बेरीज बी८. सुरुवातीचं अधिक चिन्ह म्हणजे ‘मिळालं’. एस०५ म्हणजे ब्रेकपॉइंटवर थांबलो आहे. आता आपल्याकडूनही एक + टाइप करून पोच द्या. दुसरी कुठली कळ दाबली तर कर्नल तेच पॅकेट पुन्हा पाठवत राहतो.

हे उत्तर आलं की तार, ग्राउंड, वेग, पोर्ट आणि केजीडीबी हे पाचही एका झटक्यात सिद्ध झाले. उलट, नुसतं - आलं तर बेरीज जुळली नाही: टाइप करताना चूक झाली असेल, नाहीतर वाटेत बिट बदलतोय. तीनदा नीट टाइप करूनही - येत असेल तर गोंगाट. भलतीच अक्षरं आली तर वेग. काहीच आलं नाही तर होस्टकडून टार्गेटकडे जाणारी तार, म्हणजे तीच वजनकाट्याची केबल.

टार्गेट पुन्हा सुरू करायलाही जीडीबी लागत नाही. डॉलर, मोठा डी, हॅश, ४४ आणि लगेच +, म्हणजे $डी#४४+. यंत्र चालू होतं. जीडीबी मध्येच मेला आणि टार्गेट गोठून राहिला, तर वीज बंद-चालू करण्याआधी हा उपाय करून बघा. फाइल सिस्टिम वाचते.

कंट्रोल-सी दाबलं, टार्गेट थांबत नाही

हा दोष समजून लोक पुन्हा केबलकडे वळतात. तसं करू नका. केजीडीबीओसी जीडीबीच्या कंट्रोल-सीने थांबत नाही, ते मुळातच तसं बनवलेलं आहे. धावता कर्नल थांबवायला सिसआरक्यू-जी (सिसआरक्यू म्हणजे कर्नलला थेट, एका अक्षराने द्यायच्या आज्ञा) लागतं. जीडीबीलाच ते पाठवायला शिकवा:

सेट रिमोट इंटरप्ट-सीक्वेन्स ब्रेक-जी

आता कंट्रोल-सी दाबल्यावर जीडीबी तारेवर ब्रेक (तार क्षणभर एकाच पातळीवर धरून दिलेली खूण) देतो आणि मागोमाग जी पाठवतो. ते ऐकलं जाण्यासाठी टार्गेटवर तीन अटी आहेत. कर्नलात सिरियलवरचं मॅजिक सिसआरक्यू असायला हवं. तो पोर्ट बूट ओळीत ‘कन्सोल=’ म्हणून दिलेला हवा, कारण कन्सोल नसलेल्या पोर्टवरचा ब्रेक सिसआरक्यू मानला जात नाही. आणि /प्रॉक/सिस/कर्नल/सिसआरक्यू मधला आकडा १ हवा. उबुंटूत हा आकडा १७६ असतो. म्हणून ‘धिस सिसआरक्यू ऑपरेशन इज डिसेबल्ड’ येतं. चाचणीच्या यंत्रावर तिथे सरळ १ लिहा. वरची ‘इको जी’ ही वाट रूटसाठी या आकड्याशिवायही उघडी असते, त्यामुळे एक चालतं आणि दुसरं नाही असं दिसतं.

हाताने करायचं तर पिकोकॉममध्ये कंट्रोल-ए मग कंट्रोल-बॅकस्लॅश, मिनिकॉममध्ये कंट्रोल-ए मग एफ. ब्रेकनंतर जी पाच सेकंदांच्या आत दाबायचं. काही स्वस्त सीएच३४० अडॅप्टरांना ब्रेक नीट देता येत नाही. सगळ्या अटी पूर्ण असूनही थांबत नसेल तर एफटी२३२ किंवा सीपी२१०२ लावून बघा.

एकच पोर्ट, कन्सोलही त्याच्यावर

इथे खरा पेच आहे. कर्नलचे संदेश त्याच तारेवरून आले की जीडीबीच्या पॅकेटांत मिसळतात. म्हणून ‘कन्सोल=’ काढून टाकावं असा सल्ला सर्रास दिला जातो. पण काढलं की वर सांगितल्याप्रमाणे ब्रेक-जी बहिरं होतं. दोन सिरियल पोर्ट असतील तर एक कन्सोलला, एक जीडीबीला द्या आणि थांबवण्यासाठी कन्सोलवरून सिसआरक्यू वापरा. एकच पोर्ट असेल तर कन्सोल ठेवा, पण डीमेसेज -एन १ देऊन त्याची बडबड बंद करा.

त्याहून चांगली सोय म्हणजे एजंट-प्रॉक्सी हा छोटा प्रोग्राम. तो पोर्ट स्वतः उघडतो आणि त्याचे दोन भाग करतो:

एजंट-प्रॉक्सी ५५५०^५५५१ ० /डेव्ह/टीटीवाययूएसबी०,११५२००

५५५० वर टेल्नेटने कन्सोल बघा, ५५५१ ला ‘टार्गेट रिमोट लोकलहोस्ट:५५५१’ म्हणून जीडीबी जोडा. थांबवायचं झालं की कन्सोलच्या खिडकीतून ‘इको जी’ द्या. रोज हे काम करायचं असेल तर हीच मांडणी धरा.

केजीडीबीकॉन हा पर्याय मोहात पाडतो, कारण तो कर्नलचे संदेश जीडीबीच्या खिडकीत दाखवतो. ज्या पोर्टवर कन्सोल चालू आहे त्याच पोर्टवर मात्र केजीडीबीओसीबरोबर तो वापरता येत नाही.

जोडलं, पण दिसतं ते खोटं

‘रिमोट जी पॅकेट रिप्लाय इज टू लाँग’ आलं तर जीडीबी आणि टार्गेटचं आर्किटेक्चर जुळत नाही. एआरएमच्या बोर्डला एक्स८६ चा साधा जीडीबी चालत नाही, जीडीबी-मल्टिआर्क घ्या आणि व्हीएमलिनक्स (सिम्बॉलांसकट कर्नलची फाइल) त्या बोर्डचंच द्या.

बॅकट्रेसमध्ये (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं त्या यादीत) नुसती प्रश्नचिन्हं किंवा न पटणारी फंक्शन दिसत असतील तर बहुधा दोन कारणं असतात. एक, नोकेएएसएलआर द्यायचं राहिलं आणि कर्नल दुसऱ्याच पत्त्यावर बसला. टार्गेटवर रूट म्हणून /प्रॉक/कॅलसिम्स मधल्या ‘_टेक्स्ट’चा पत्ता बघा आणि होस्टवर एनएम व्हीएमलिनक्स मधल्या पत्त्याशी ताडून पाहा. दोन, व्हीएमलिनक्स दुसऱ्या बिल्डचं आहे. एका ओळीचा बदल करून पुन्हा कंपाइल केलं, टार्गेटवर नवा कर्नल टाकला आणि जीडीबी जुन्याच फोल्डरमधून उघडला, एवढंही पुरतं. मॉड्यूलमधली फंक्शन दिसण्यासाठी कॉन्फिग_जीडीबी_स्क्रिप्ट्स लावून बिल्ड करा आणि जीडीबीत एलएक्स-सिम्बॉल्स द्या.

दर वेळी ठरावीक सेकंदांनी टार्गेट आपोआप रीबूट होत असेल तर हार्डवेअर वॉचडॉग (ठरावीक वेळात खूण मिळाली नाही तर यंत्र रीबूट करणारं घड्याळ) चालू आहे. कर्नल थांबला की त्याला थोपटणारं कुणी राहत नाही. बोर्डवरचा वॉचडॉग बायोसमधून किंवा जंपरने बंद करा आणि सिस्टिमडीचा रनटाइमवॉचडॉगसेक ० ठेवा.

काम झाल्यावर जीडीबीत ब्रेकपॉइंट पुसून ‘डिटॅच’ द्या आणि पॅनेल पुन्हा जागेवर लावण्यापूर्वी /प्रॉक/सीएमडीलाइन वाचा. केजीडीबीवेट तिथे राहिलं असेल, तर पुढच्या वेळी लाइट जाऊन आल्यावर यंत्र बूटच्या अर्ध्यात थांबून जीडीबीची वाट बघत बसेल, आणि रात्रपाळीच्या ऑपरेटरला नुसता काळा पडदा दिसेल. केजीडीबीओसीही काढा. ते ठेवायचंच असेल तर बूट ओळीत ‘पॅनिक=१०’ घाला, म्हणजे कर्नल कोसळला तर डीबगरमध्ये अडकून न राहता दहा सेकंदांनी पुन्हा सुरू होईल. आणि वॉचडॉग बंद केला असेल तर तो परत चालू करा.